पहिली पिशवी कोणती, त्यानंतर कोणती? नव्याने शिवणाऱ्यांसाठी पिशव्यांचा क्रम

पिशव्या शिवायला घेणाऱ्यांची पहिली चूक कात्री हातात घेण्याआधीच होते. मोबाइलवर एक देखणी सॅक दिसते आणि तीच पहिली शिवायची ठरते. त्या सॅकला चेन आहे, अस्तर आहे, आत फोम आहे, कोपऱ्यांना गोलाई आहे आणि मागे कमी-जास्त होणारे पट्टे आहेत. पाचही गोष्टी हाताला नव्या. मग दोरा तुटला की तो फोममुळे तुटला, सुईमुळे तुटला की मशीनवरच्या दोऱ्याच्या ताणामुळे (टेन्शन), हे कळायला काही मार्ग राहत नाही. अर्धवट सॅक कपाटात जाते आणि "आपल्याला पिशव्या जमत नाहीत" हे मनात पक्कं बसतं. खरं तर ब्लाउजची बाही नीट बसवणाऱ्या माणसाला पिशवी अवघड नाही, तिथे फक्त क्रम चुकलेला असतो.

म्हणून हा लेख एकाच नियमावर चालतो: एका पिशवीत एकच नवी गोष्ट. कापड, सुई, दोरा आणि आधी शिकलेली शिलाई तशीच ठेवायची आणि नवी गोष्ट एकच घ्यायची. बिघडलं तर कुठे बिघडलं हे लगेच कळतं. दुसरं म्हणजे प्रत्येक पिशवी निदान दोनदा शिवा. पहिली समजण्यासाठी, दुसरी हात बसण्यासाठी.

सुरुवातीचं साहित्य

घरातलं काळं पायमशीन पिशव्यांसाठी उत्तम आहे. त्याला मोटर नसली तरी बिघडत नाही, उलट जाड जागी पायाने हळू चालवता येतं आणि वीज गेली म्हणून काम थांबत नाही. वजनाने हलक्या, प्लास्टिक अंगाच्या लहान मशीनवर या लेखातल्या पहिल्या पाच पिशव्या होतील. फोमच्या पिशवीला ती दमतात.

सुया तीन नंबरच्या ठेवा: मांजरपाट आणि साध्या सुती कापडाला १४, जीन्स आणि कॅनव्हासला १६, फोम आणि नवार (बंदाची जाड विणलेली नायलॉन पट्टी) एकत्र आले तर १८. सुई लावताना तिच्या अंगावरची लांब खाच बघा. दोरा ज्या बाजूने ओवायचा, त्याच बाजूला ती खाच हवी. उलटी लागलेली सुई टाके सोडते, आणि नवे शिकणारे तासभर टेन्शनचा स्क्रू फिरवत बसतात. पिशवीचं काम सुईला जड असतं, त्यामुळे बोथट झालेली सुई लगेच बदला. कापडात शिरताना "टक्-टक्" आवाज यायला लागला की ती बोथट झाली असं समजा.

दोरा स्पन पॉलिएस्टरचा घ्या. घरात वर्षानुवर्षं पडलेली रिळं पिशवीला वापरू नका. हातभर दोरा दोन्ही हातांत धरून झटका द्या, सहज तुटला तर तो भाजीचं वजन पेलणार नाही. बॉबिनमध्येही वरचाच दोरा भरा. टाका एका इंचात ८ ते १० बसतील एवढा ठेवा. त्याहून बारीक टाक्याने कापडाला जवळजवळ भोकं पडतात आणि वजन आल्यावर कापड त्याच ओळीवर फाटतं. बारीक म्हणजे मजबूत हा ब्लाउजच्या कामातून आलेला समज इथे सोडावा लागतो.

बाकी टेप, खडू, धार असलेली कात्री, टाचण्या आणि इस्त्री. यातली इस्त्री अर्धं काम करते. दुमड इस्त्रीने बसवून मग टीप मारली की ती सरळ जाते.

कापड कोणतं घ्यावं

पहिल्या तीन पिशव्यांना जाड मांजरपाट किंवा चादरीसारखं घट्ट विणीचं सुती कापड घ्या. ते सरकत नाही, दुमड धरून ठेवतं, आणि उसवलं तरी परत शिवता येतं. संभाजीनगरात गुलमंडी, लातुरात गंजगोलाई, नांदेडात वजिराबाद या भागांतल्या कापड दुकानांत ते सहज मिळतं. अस्तराचं पॉपलिन कुठल्याही मॅचिंग सेंटरमध्ये मिळेल.

कापड कापण्याआधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. हे आधी केलं नाही तर अस्तर लावलेली पिशवी धुतल्यावर वेडीवाकडी होते, कारण बाहेरचं कापड आणि अस्तर सारखं आटत नाही.

सुरुवातीला रेग्झिन नको. त्यात टाचणीचं आणि चुकलेल्या टिपेचं भोक कायमचं राहतं, शिवाय ते मशीनच्या फुटाला (कापड दाबून धरणाऱ्या पायाला) चिकटून पुढे सरकत नाही. सॅटिन आणि रेशमी साडीचं कापड सरकतं, त्याचे धागे निघतात. ताणणारं होजिअरीचं कापड तर पिशवीला घेऊच नका.

खताच्या किंवा साखरेच्या विणलेल्या पोत्यांच्या पिशव्या गावोगाव शिवल्या जातात आणि त्या टिकतातही. पण पोतं इस्त्री सहन करत नाही, कापलेली कड लगेच विसकटते, म्हणून प्रत्येक कड दोनदा दुमडावी लागते. तिसऱ्या पिशवीनंतर ते हाती घ्या. सुई १६ नंबरची, टाका इंचात ६ ते ७. खताच्या पोत्याची पिशवी कितीही धुतली तरी धान्य, भाजी किंवा डबा यांसाठी वापरू नये. अवजारं, दोऱ्या, चपला ठेवायला ती चांगली.

पिशवी पहिली: बाजाराची साधी पिशवी

यातून सरळ टीप, दुमड आणि बंद पक्का बसवणं शिकायचं. तयार माप १४ इंच रुंद, १६ इंच उंच. ३६ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) सव्वा मीटर कापड आणलं तर दोन पिशव्या निघतात.

अंगाचा तुकडा १५ × ३५ इंच. हा एकच तुकडा तळाशी दुमडला जातो, म्हणून तळाला शिलाई नाही. रुंदीत दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच माया (शिलाईसाठी सोडलेलं जादा कापड) धरली आहे, लांबीत तोंडाच्या दुमडीसाठी दोन्ही टोकांना दीड-दीड इंच. असे दोन तुकडे शेजारी शेजारी कापले की पन्ह्यात ६ इंच उरतात. त्यातून ३ इंच रुंद, साडेएकोणीस इंच लांब असे चार बंद काढा. आटल्यामुळे पन्हा ३५ भरला, तर अंगाची रुंदी साडेचौदा करा, बंद तसेच ठेवा.

कापताना काठाच्या धाग्याच्या समांतर कापा. तिरकं कापलेलं कापड वजनाने एका बाजूला ताणतं आणि पिशवी पिळल्यासारखी लोंबते.

१. बंदाच्या पट्टीच्या दोन्ही लांब कडा मध्यावर आणून इस्त्री करा, मग परत मधून दुमडा. पाऊण इंचाचा चार पदरी बंद होतो. दोन्ही लांब कडांना काठापासून एक सूत (इंचाचा आठवा भाग) आत टीप मारा. दोन्ही टिपा एकाच टोकाकडून सुरू करा. एक इकडून आणि एक तिकडून मारली की बंद पिळतो.

२. अंगाचा तुकडा उलट बाजू आत येईल असा दुमडा, म्हणजे सुलट बाजू बाहेर. दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप मारा. हे उलटं वाटेल, पण बरोबर आहे. उरलेली माया एक सुतापर्यंत कातरा.

३. आता पिशवी उलटवा, शिलाई अगदी कडेवर येईल अशी इस्त्री करा आणि परत पाव इंचावर टीप मारा. कच्ची कड आत बंद झाली. इंटरलॉक किंवा पिको करायची गरज नाही. दुसऱ्या टिपेतून बाहेर धागे डोकावत असतील तर पहिल्या वेळी माया पुरेशी कातरली नव्हती.

४. तोंडाला आधी अर्धा इंच, मग एक इंच आत दुमडा आणि इस्त्री करा. बाजूच्या शिलाईपासून साडेतीन इंचांवर बंदाची बाहेरची कड येईल अशी खूण करा. बंदाची टोकं दुमडीच्या आत एक इंच सरकवा, बंद खाली लोंबता ठेवा. दुमडीच्या खालच्या कडेवरून गोल टीप मारा.

५. बंद वर उचला. वरच्या कडेलाही गोल टीप मारा. मग प्रत्येक टोकावर चौकोन आणि त्यात फुली शिवा.

ही फुली सोडू नका. फुली नसेल तर सगळं वजन एका ओळीवर येतं आणि तीच ओळ आधी उसवते. चौकोन-फुलीत ते वजन सहा ओळींवर वाटलं जातं.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे एका बाजूचा बंद पिळलेला शिवला जाणं. टाचण्या लावल्यावर बंद हाताने सरळ ताणून बघा, मगच टीप मारा. पिशवी झाली की तिच्यात ५ किलो ज्वारी भरून खुंटीला रात्रभर टांगून ठेवा. सकाळी बंदाजवळचे टाके आणि बाजूच्या शिलाया बघा. कापडाच्या भोकांच्या फटी झाल्या असतील तर टाका फार बारीक होता. दोरा सैल होऊन आत लुळे फास दिसत असतील तर टेन्शन ढिलं होतं.

एवढ्या लांबीचा बंद हातात धरायला पुरतो. खांद्याला अडकवायची असेल तर बंद २६ ते २८ इंच हवा.

पिशवी दुसरी: तळ असलेली पिशवी

नवी गोष्ट एकच, तळाचा कोपरा. तळ ४ इंच हवा असेल तर पहिल्या पिशवीच्या मापात रुंदीत ४ आणि लांबीत ४ इंच वाढवा: १९ × ३९. तयार पिशवी तीच १४ × १६ आणि तळ ४ इंच. हे गणित एकदा डोक्यात बसलं की पुढे कुठल्याही मापाला चालतं. तळ जेवढा हवा तेवढेच इंच दोन्हीकडे वाढवायचे.

या वेळी बाजूची शिलाई साधी ठेवा, सुलट बाजू आत घेऊन अर्ध्या इंचावर. कड इंटरलॉक करून घ्या किंवा पाव इंचावर दुसरी टीप मारा. पहिल्या पिशवीतली दुहेरी शिलाई इथे कोपऱ्यात फार जाड होते.

आता पिशवी उलटीच ठेवून तळाचा कोपरा चिमटीत धरा आणि असा पसरवा की बाजूची शिलाई तळाच्या घडीवर बरोबर येईल. त्रिकोण दिसेल. टोकापासून शिलाईवर २ इंच मोजा आणि तिथे शिलाईला काटकोनात रेघ मारा. ही रेघ बरोबर ४ इंच भरली पाहिजे. कमी-जास्त भरली तर शिलाई घडीवर आलेली नाही किंवा रेघ तिरपी आहे, परत लावा. दोन टीपा मारून, अर्धा इंच माया ठेवून त्रिकोण कापा.

पिशवी उभी केल्यावर एका बाजूला कलत असेल, तर दोन्ही कोपरे सारखे झालेले नाहीत. अर्ध्या सुताचा फरक चालतो, पाव इंचाचा चालत नाही. तळ झोळ खात असेल तर ४ × १४ इंचाचा पुठ्ठा कापडात गुंडाळून आत ठेवा. तो शिवू नका, धुताना काढता आला पाहिजे.

जुन्या जीन्सची पिशवी करायची असेल तर ती इथे करा. मांडीचा सरळ भाग घ्या, मूळच्या जाड शिलाया टाळून कापा, सुई १६ ची लावा.

पिशवी तिसरी: नेफ्याची पिशवी

शेंगदाणे, डाळी, मुलांच्या गोट्या ठेवायला. ८ इंच रुंद, ११ इंच उंच. ९ × १३ इंचाचे दोन तुकडे लागतात, आणि २४ इंचांच्या दोन नाड्या. शिकायचं ते एवढंच की शिलाई कुठे थांबवायची.

तुकडे सुलट बाजू समोरासमोर ठेवून तीन बाजू शिवा, पण वरच्या कच्च्या कडेपासून ३ इंच खालीच दोन्हीकडे थांबा आणि तिथे पुढे-मागे टाके घेऊन पक्कं करा. उघड्या ३ इंचांची माया दोन्हीकडे मागे दुमडून तिच्यावर टीप मारा. मग प्रत्येक तुकड्याचं तोंड अर्धा इंच आणि नंतर एक इंच दुमडून खालच्या कडेवर टीप. नेफा तयार. एक नाडी डावीकडून घालून दोन्ही नेफ्यांतून फिरवून डावीकडेच काढा, दुसरी उजवीकडून तशीच.

नाडी अडकते याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. उघड्या जागेची माया आत सैल राहते आणि सेफ्टी पिन तिच्यात शिरते. म्हणून ती टीप सोडू नका. नाडी जाड असेल तर नेफा सव्वा इंचाचा करा.

पिशवी चौथी: अस्तराची पिशवी

दुसऱ्या पिशवीलाच अस्तर लावायचं. बाहेरचा तुकडा आणि अस्तर दोन्ही १९ × ३७. तोंडाला आता दुमड नाही, फक्त अर्धा इंच माया, म्हणून लांबी २ इंचांनी कमी झाली.

बाहेरची पिशवी नेहमीप्रमाणे शिवून कोपरे करा. अस्तरही तसंच शिवा, पण त्याच्या एका बाजूच्या शिलाईत मधे ६ इंच जागा उघडी सोडा. अस्तर थोडं लहान असावं लागतं, नाहीतर आत गोळा होतं. त्यासाठी वरून २ इंचांपर्यंत माया अर्धा इंच ठेवा आणि तिथून खाली एक सूत वाढवत न्या. वरपासूनच वाढवली तर तोंडाचा घेर बाहेरच्या पिशवीला जुळणार नाही आणि चुण्या पडतील.

बंद बाहेरच्या पिशवीच्या तोंडाला खाली लोंबते ठेवून पाव इंचावर पक्के करा. बाहेरची पिशवी सुलट करा, अस्तर उलटंच ठेवा, आणि पिशवी अस्तराच्या आत घाला. सुलट बाजू एकमेकींना लागल्या पाहिजेत. बाजूच्या शिलाया जुळवा, तोंडाला अर्ध्या इंचावर गोल टीप मारा. बंदांच्या जागी तीनदा पुढे-मागे करा. अस्तरातल्या ६ इंचांच्या जागेतून सगळी पिशवी बाहेर ओढा, ती जागा शिवून टाका, तोंडाला इस्त्री करून पाव इंचावर वरून टीप मारा.

ओढताना कळतं की बंद आतच शिवला गेला आहे, असं पुष्कळांचं होतं. तोंड शिवण्याआधी हात आत घालून चारही टोकं मोजून घ्या. अस्तर फिकट रंगाचं निवडा, गडद अस्तराच्या तळाशी किल्ल्या दिसत नाहीत. पहिल्या वेळी आतला कप्पा घालू नका. दुसऱ्या वेळी अस्तर सपाट असतानाच ६ × ७ इंचाचा तुकडा तीन बाजूंनी शिवून घ्या.

पिशवी पाचवी: चेनचं पाकीट

चेनला लोक उगाच घाबरतात. चेन अवघड नसते, घाई नडते.

मीटरवर मिळणारी ५ नंबरची नायलॉन चेन घ्या आणि रनर दुकानातच ओवून घ्या. धातूच्या दातांची चेन आत्ता नको, सुई दातावर आपटली की तुटते. मशीनला चेनचा एकतर्फी फूट लावा. साध्या फुटाने दातांजवळ टीप जात नाही.

तयार पाकीट ८ इंच रुंद, साधारण ५ इंच उंच. बाहेरचे दोन आणि अस्तराचे दोन तुकडे, सगळे ९ × ६. चेन ७ इंच. शिवाय चेनच्या टोकांसाठी सव्वा इंच रुंद, अडीच इंच लांब असे दोन छोटे तुकडे.

आधी चेनच्या दोन्ही टोकांना दातांवर हाताने पाच-सहा टाके घ्या, म्हणजे रनर निसटणार नाही. छोटे तुकडे मधे दुमडा, घडीची कड चेनच्या टोकावर पाव इंच चढवा आणि टीप मारा. चेन आता बरोबर ९ इंच झाली. हे तुकडे काही शोभेसाठी नाहीत. ते लावले नाहीत तर बाजूची शिलाई दातांवरून जाते, सुई तुटते आणि पाकिटाचे वरचे दोन्ही कोपरे गोळा होऊन आत ओढले जातात.

बाहेरचा तुकडा सुलट ठेवा, त्यावर चेन पालथी, त्यावर अस्तर पालथं. तिघांच्या कडा जुळवून पाव इंचावर टीप. रनर वाटेत आला की सुई कापडात रुतवून ठेवा, फूट उचला, रनर मागे सरकवा, पुढे चला. रनरला वळसा घालून शिवलं की चेनची कड तिथे वाकडी राहते आणि पाकीट रोज तिथेच अडकतं. दोन्ही कापडं चेनपासून दूर दुमडून इस्त्री करा आणि वरून एक सुतावर टीप मारा. दुसरी बाजू तशीच. दोन्ही टीपा चेनच्या एकाच टोकाकडून सुरू करा, नाहीतर पाकीट तिरकं होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: चेन अर्धी उघडा. मग बाहेरचे तुकडे एकमेकांवर, अस्तराचे एकमेकांवर ठेवून अर्ध्या इंचावर चारही बाजू शिवा, अस्तराच्या तळाला ३ इंच जागा सोडून. चेन बंद राहिली तर पाकीट उलटवायला वाटच नसते, शिलाई उसवावी लागते.

चेन लाटांसारखी दिसत असेल तर शिवताना ती हाताने ताणली गेली आहे. चेन कधीच ओढू नये, तिला मशीनचे दाते नेतील तशी जाऊ द्यावी.

पिशवी सहावी: डब्याची पिशवी

शेतावर, शाळेत, कामावर डबा जातो, त्यामुळे ही पिशवी सगळ्यांना हवी असते. नवी गोष्ट फोम. जाडी ४ ते ५ मिलिमीटर पुरते.

माप स्वतःच्या डब्यावरून काढा. समजा डबा गोल, ६ इंच व्यासाचा आणि ८ इंच उंच आहे. तळ साडेसहा इंच धरा, उंची ११. दुसऱ्या पिशवीचंच गणित लावा: रुंदी साडेसहा अधिक साडेसहा अधिक १ इंच माया, म्हणजे १४. लांबी साडेएकतीस. कोपऱ्याची रेघ साडेसहा इंचाची, टोकापासून सव्वातीन इंचांवर.

फोम लावलेलं कापड शिवताना आटतं. म्हणून कापड, फोम आणि अस्तर तिन्ही मापापेक्षा दोन-दोन इंच मोठे घ्या, तिन्ही एकत्र धरून दोन इंचांच्या अंतराने तिरप्या टीपा मारा आणि मगच १४ × साडेएकतीस कापा. तोंडाच्या दोन्ही टोकांना दीड-दीड इंचातला फोम कातरून काढा, नाहीतर तिथली दुमड फुटाखाली जाणार नाही. टाका इंचात ६, सुई १८. फोम उघडा असेल आणि फुटाला चिकटत असेल तर वर वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवा, नंतर फाडून काढा. फुटाचा दाब वरच्या स्क्रूने थोडा सैल करा.

बंदाला एक इंच रुंद नवार, सव्वादोन मीटर. तिची कापलेली टोकं मेणबत्तीवर जरा धरून वितळवून घ्या. कापड सपाट असतानाच नवार एका बाजूने वर, तळाखालून, दुसऱ्या बाजूला अशी अखंड फिरवून शिवा. दोन पट्ट्यांमध्ये साडेतीन इंच अंतर ठेवा आणि वर दोन्हीकडे १४-१४ इंच मूठ सोडा. नवारीचा सांधा तळाशी आणा. तोंडाच्या कच्च्या कडेपासून ३ इंच खालीच टीप थांबवा, कारण तिथे दुमड यायची आहे. नवार तळाखालून गेल्यामुळे डब्याचं वजन टाक्यांवर येत नाही, नवारच ते उचलते.

मग नेहमीप्रमाणे बाजू, कोपरे, तोंड. नवार आणि फोम एकत्र येतात तिथे पाय थांबवा आणि चाक हाताने फिरवून एकेक टाका घ्या. फूट चढावर तिरका होऊन अडकला तर त्याच्या मागे कापडाची तेवढ्याच जाडीची घडी सरकवा, फूट सपाट होतो आणि पुढे जातो. जोराने ढकललं की सुई वाकते आणि शटलला लागून तुटते.

पिशवी सातवी: तिरकी खांद्याची पिशवी

पाचवं पाकीट मोठं केलं, १० × ९ इंच, की अंग तयार. नवीन आहे तो फक्त कमी-जास्त होणारा पट्टा. दोन कड्या आणि मधे दांडी असलेली एक सरकती कडी लागते, सगळ्या एक इंची, आणि दीड मीटर नवार.

नवारीचे ३ इंचांचे दोन तुकडे कड्यांतून दुमडून बाजूच्या शिलाईत, चेनच्या एक इंच खाली अडकवा. उरलेल्या नवारीचं एक टोक सरकत्या कडीच्या मधल्या दांडीभोवती दीड इंच दुमडून चौकोन-फुलीने शिवा. दुसरं टोक पिशवीच्या एका कडीतून घाला, परत आणून सरकत्या कडीच्या मधल्या दांडीवरून, आधीच्या दुमडीच्या वरून काढा, आणि शेवटी पिशवीच्या दुसऱ्या कडीला दुमडून शिवा. शिवण्याआधी टाचणी लावून पट्टा सरकवून बघा. नवार मधे कुठे पिळली असेल तर आत्ताच दिसेल.

यानंतर गोल कोपरे आणि पायपिंग, आणि मग सॅक. सॅकमध्ये तोवर फक्त पाठीचे जाड पट्टे नवे उरतात.

हिमरू, पैठणीचा काठ, तांड्यावरचं भरतकाम

मराठवाड्यात शिवणाऱ्याला ही कापडं खुणावणारच. निदान अस्तर आणि चेन नीट जमेपर्यंत त्यांना हात लावू नका, कारण त्यांत चुकीला जागा नाही.

हिमरू या नक्षीदार विणलेल्या कापडाच्या उलट बाजूला नक्षीचे सुटे धागे लांबपर्यंत गेलेले असतात. ते बोटात, किल्लीत अडकून ओढले जातात, म्हणून हिमरूला अस्तर लागतंच. कापण्याआधी मागे पातळ मलमल लावून, आखलेल्या रेघेच्या आत एक सुतावर टीप मारा आणि मगच कात्री लावा, नाहीतर कड हातातच विसकटते.

जुन्या पैठणीचा काठ वापरायचा तर आधी उजेडासमोर धरा. घडीच्या रेघांवर रेशीम विरलं असेल तर तो भाग सोडा. जरीवर टाचणी फक्त मायेत लावा, इस्त्री मध्यम ठेवून वर सुती कापड टाकून फिरवा. काठ पिशवीच्या तळाला किंवा बंदाला नको, तिथे घासतो. चेनच्या पाकिटाच्या दर्शनी बाजूला, जाड सुती कापडावर बसवून दोन्ही कडांना टीप मारली की तो टिकतो.

लमाणी भरतकामाच्या पट्टीवर आरसे आणि कवड्या असतात. त्या शिलाईच्या ओळीपासून निदान पाऊण इंच आत हव्यात, फूट तिथे पोचता कामा नये. मायेत आलेल्या कवड्या आधी उसवून बाजूला ठेवा, पिशवी पूर्ण झाल्यावर हाताने परत टाका.